घराण्याचं कापड

आमच्या आष्ट्याच्या आठवडी बाजारात पांढऱ्या मिशांचा एक ताठ म्हातारा चौकडीचा घागरा घालून वांगी निवडत असतो. ते हणमंतनाना. पलटणीच्या बँडात त्यांनी उभी नोकरी बॅगपाइप वाजवला आणि निवृत्त होताना स्कॉटलंडचं वेड घरी आणलं.

"नाना, परकर कुणाचा वो?" भाजीवाली दर खेपेला विचारते.

"किल्ट म्हणायचं! पलटणीत ह्याचा नुसता पट्टा खांद्याला असायचा. रिटायर झालो, आता कमरंला आला."

कापड घोंगडी विणणाऱ्याकडून करून घेतलेलं. उसाचा हिरवा, हळदीचा पिवळा, रानाच्या मातीचा काळा. ऐन वैशाखात ते चावत नाही का, असं विचारलं की नाना म्हणतात, "शिस्त हाय ती."

मी पत्रकं काढणारा माणूस. गुलामीच्या खुणांवरचं ताजं पत्रक घेऊन त्यांच्या घरी गेलो.

"आवं नाना, साहेब गेला आणि तुम्ही अजून त्याचा घागरा मिरवताय?"

नानांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "कागद बरा हाय. पर गड्या, स्कॉटलंडच्या लोकांनी बंड केलं म्हणून ह्या कपड्यावर लंडनच्या सरकारनंच एकदा बंदी घातली हुती. ठावं हाय?"

ठाऊक नव्हतं.

"स्कॉटलंडातल्या ह्या कापडाच्या मंडळाला फोन लावला. म्हणलं, मी आष्ट्याचा, म्या नेसलं तर चालंल का, मेंबर हुता येईल का? बाई म्हणली, आवड हाय न्हवं, मग या की. हितं दर घराण्याची चौकडी येगळी, तुमीबी स्वतःचं नवं कापड काढा म्हणली. म्या काढलं. कूळ न्हाई, जात न्हाई, कायबी इचारलं न्हाई बघ. आपल्याकडं मंडळात घ्यायच्या आधी आडनाव इचारत्यात."

हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. असायला हवं होतं.

उठताना दिसलं, दांडीवर तसलाच आणखी एक किल्ट होता. कोरा, घडीही न मोडलेला. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही.

"हा कुणाचा?"

नाना बॅगपाइपची पिशवी पुसत राहिले. "घराण्याचं कापड असतंय रं ते. एकट्यानं नेसलं तर नुसता घागराच की."

पुढच्या बाजारी भाजीवालीनं तराजू खाली ठेवला. "अगं बया! दोन झालं!"

पोरं शिट्ट्या मारत होती. माझ्या मांड्यांना आग लागली होती. हात हळूच खाली गेला.

नाना समोर बघतच म्हणाले, "आमच्या घराण्यात खाजवत न्हाईत."