वीस फुटांवरचे साहेब

या हो, असे जवळ सरून बसा. देवानं दिलेल्या दोन डोळ्यांची आणि माणसानं न दिलेल्या एका ट्यूबची गोष्ट सांगतो.

एका छापखान्यात औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं छापत. मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं! ती तपासणाऱ्या म्हाताऱ्या मुद्रितशोधकाला सगळे काका म्हणत. काकांच्या खोलीला खिडकी नव्हती, आणि डोक्यावरची ट्यूब तीन महिने नुसती डोळे मिचकावत होती. नव्या ट्यूबसाठी काकांचे चार अर्ज झाले. एके दिवशी 'अर्धी गोळी'च्या जागी 'आठ गोळ्या' छापायला निघाल्या होत्या. शेवटच्या क्षणी काकांच्या हाती लागल्या. ते तडक व्यवस्थापक साहेबांकडे गेले.

"साहेब, अशानं माणूस मरेल हो!"

"काका, तुमच्या डोळ्यांची आम्हाला फार काळजी आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी ट्यूबऐवजी परिपत्रक काढलं: 'नेत्रसंरक्षण सप्ताह. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. न पाहणाऱ्यावर कारवाई होईल.'

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आठ फुटांच्या खोलीत वीस फूट आणू कुठून? भिंतीला भोक पाडू?"

पण हुकूम तो हुकूम. त्यांनी टेप घेऊन दाराबाहेरचा बोळ मोजला. बरोब्बर वीस फुटांवर काचेची केबिन, आणि काचेआड साहेब.

वीस मिनिटं झाली की काका बाहेर येत आणि साहेबांकडे टक लावून उभे राहत. साहेबांचा चहा ओठाशीच थांबे. दुसऱ्या फेरीला बांधणीखात्यातल्या मावशी आल्या, तिसऱ्या फेरीला मशीनवाले. दुपारपर्यंत अख्खा छापखाना रांगेत!

"काय लावलंय हे? संप करताय की काय?" साहेब ओरडले.

"छे हो, नियम पाळतोय," मावशी म्हणाल्या. "हलू नका, अजून आठ सेकंद राहिलेत."

साहेबांनी तावातावानं पडदा ओढला.

"साहेब, वस्तू दिसेना झाली!" काकांनी हाळी दिली. "आता कारवाई कुणावर?"

"वस्तू? मला वस्तू म्हणता?" साहेबांनी थेट मालकांना फोन लावला.

मालक आले, बोळात उभे राहिले आणि खवळले. "अहो, केवढा अंधार हा! या लोकांना दिसणार तरी काय? आजच्या आज नवी ट्यूब लावा!"

लागली. बोळात!

काकांनी आपलं टेबल उचललं आणि बोळातल्या ट्यूबखाली मांडलं. मूळ प्रत ताडून पाहायला मावशींच्या हाती दिली आणि मुद्रितशोधनाच्या शिरस्त्याप्रमाणे खड्या आवाजात वाचायला लागले, "अर्धी गोळी स्वल्पविराम जेवणानंतर पूर्णविराम चक्कर आल्यास स्वल्पविराम..." सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

चौथ्या दिवशी साहेब कानात कापूस घालून, हात जोडून आले. "काका, खोलीत दोन ट्यूबा लावतो. पण आत जा हो!"

काकांनी मान वर केली नाही. "अर्ज करा," ते म्हणाले.

तर मायबाप, औषधाचं खोकं उघडाल, आतला कागद उलगडाल आणि त्यावर 'अर्धी गोळी' असं नीट वाचाल, तेव्हा बोळात बसलेल्या त्या म्हाताऱ्याची क्षणभर आठवण काढा. देव त्याचे डोळे राखो.