परका शिंपला आणि आपली बादली

खाडीत बाहेरून आलेल्या एका शिंपल्याने बस्तान बसवले. कुठल्याशा जहाजाच्या बुडाला चिकटून तो आला, कोणाचीही परवानगी न घेता पसरला आणि मूळच्या शिंपल्यांची जागा त्याने बळकावली. याची गंभीर दखल घेऊन शासनाने ‘परकीय शिंपले निर्मूलन कक्ष’ स्थापन केला. कक्ष तात्पुरता होता, शिंपला संपेपर्यंतचा. कक्षप्रमुखसाहेबही तात्पुरतेच होते. पण गाडी, फिरती खुर्ची आणि सासरी वाढलेला मान त्यांना कायमचा वाटू लागला होता.

शिंपला चविष्ट असल्याचे निदर्शनास येताच साहेबांनी ‘खा आणि संपवा’ मोहीम काढली. कर्तव्य म्हणून ते स्वतः दोन्ही वेळा शिंपलेच खात. लोकही तुटून पडले आणि खात्यात कधी घडले नव्हते ते घडले. मोहीम यशस्वी झाली.

“साहेब, खाडीत एकही शिंपला उरला नाही,” शिपाई बक्षीस मागावे अशा चेहऱ्याने म्हणाला.

“नीट शोधलंत?”

“गाळ उपसून पाहिला.”

“इतकं कसून शोधायला कोणी सांगितलं होतं?”

लगेच वरून विचारणा आली, शिंपले नसतील तर कक्ष कशाला? साहेबांनी फिरत्या खुर्चीचे हात घट्ट धरले. पुन्हा जुन्या कार्यालयात, जुन्या साहेबांची बोलणी खायची?

“अहो, आईनं सगळ्या नातेवाइकांना तुमची गाडी दाखवलीय. आता तिला काय सांगू?” बायको म्हणाली.

“सांग, जावयानं काम पूर्ण केलं.”

“हे काय चारचौघांत सांगण्यासारखं आहे?”

कार्यालयातल्या काचेच्या टाकीत नमुन्यादाखल ठेवलेले शिंपले अजून जिवंत होते. ‘निर्मूलनासाठी आवश्यक किमान साठा’ अशी मनाची समजूत घालत साहेबांनी ते बादलीत भरले आणि पहाटे खाडी गाठली. लाज वाटत होती, पण बादलीही जड होती.

खाडीवर गर्दी होती. हॉटेलवाल्याने आपल्या टाकीतले शिंपले पिंपात भरून आणले होते. ‘खाडी वाचवा’ संघटनेचे अध्यक्ष गुडघाभर पाण्यात उभे राहून पिशवी रिकामी करत होते. शिपाई डबा घेऊन आला होता.

“साहेब, मीसुद्धा तात्पुरताच आहे ना,” तो हळूच म्हणाला.

साहेबांनी बादली पाण्यात उपडी केली. परतताना बांधावर आणखी एक जण दिसला, हात पाठीमागे घेऊन उभा.

“आपण कुठल्या खात्याचे?”

“छे, कुठल्याच नाही. घरी सगळ्यांना चटक लागलीय, म्हणून थोडे बाजूला ठेवले होते. त्यांचंच बियाणं टाकायला आलोय. तुमच्या कक्षावर मात्र कडक टीका करतो हं मी!”

साहेबांनी निरखून पाहिले. वाचकहो, ते तुम्ही होतात.