फुमिएबाईंचा जवाचा चहा

चिगुसा होरिताचा काढा कुणीच संपवत नव्हतं.

तोयामाच्या विद्यापीठात जुन्या वनौषधींवर संशोधन करणारा एक विभाग आहे. तिथे ती दीड वर्षापूर्वी लागली. भूक मेलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठीचा पारंपरिक काढा मातीच्या भांड्यात निम्मा होईपर्यंत उकळायचा आणि तो त्यांच्या घशाखाली उतरेल असं काहीतरी करायचं, एवढंच तिचं काम. तिने मध घातला, आलं वाढवलं, एकदा तर गोड तांदळाची पेज मिसळली. तीस आजी-आजोबांनी एकेक घोट घेतला आणि कप खाली ठेवले.

"मला आताच बरं वाटायला लागलंय, पोरी," एक आजोबा म्हणाले. "उरलेला कुणा गरजूला दे."

शुक्रवारी टोकियोहून तिघांची समिती यायची होती. चिगुसाला आणखी एक वर्ष द्यायचं की मार्चअखेर तिचं टेबल रिकामं करून घ्यायचं, हे समिती ठरवणार. आणि दाखवायला चिगुसाजवळ होते तीस भरलेले कप.

त्यात गुरुवारी प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडला. समितीसाठी उकळलेला ताजा काढा तिने काचेच्या जगमध्ये ओतून चहाच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवला. वर कागद चिकटवला, 'औषध आहे, पिऊ नये.' जुलैच्या दमट हवेत जगला घाम फुटला आणि कागद निसटून फ्रीजच्या तळाशी जाऊन बसला. शेजारी तसाच दुसरा जग होता, भाजलेल्या जवाच्या गार चहाचा. विभागप्रमुख त्सुबातासरांच्या पत्नी फुमिएबाई उन्हाळाभर तो रोज घरून पाठवत. रंगाने दोन्ही सख्खे भाऊ.

शुक्रवारी चिगुसा तक्ते घेऊन बैठकीच्या खोलीत शिरली आणि दारातच तिला ओळखीचा वास आला. कार्यालय सांभाळणाऱ्या कुमेकोबाई पाहुण्यांचे ग्लास भरत होत्या.

"कुमेकोबाई," ती कुजबुजली, "हा कुठला जग?"

"फ्रीजमधला."

"डावीकडचा की उजवीकडचा?"

"पुढचा. बस ना, पाहुणे बघतायत."

समितीचे प्रमुख इसोगाई यांनी नुकताच घोट घेतला होता. त्यांच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या, आणि मग चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट झाला.

"चवीला... खोली आहे," ते म्हणाले.

"माझ्या मिसेसच्या हातचा आहे," त्सुबातासर खुशीत म्हणाले आणि त्यांनी आपला ग्लास संपवला.

संपलं. यजमानाच्या बायकोने केलेला चहा अर्धा टाकून कोण उठणार? तिघांनी दात उपटून घ्यायला बसल्यासारखे डोळे मिटले आणि ग्लास रिकामे केले. पण कुमेकोबाईंच्या तीस वर्षांच्या नोकरीत पाहुण्याचा ग्लास कधी रिकामा राहिलेला नव्हता. त्यांनी ते पुन्हा भरले.

"थांबवा ना त्यांना," चिगुसा हळूच म्हणाली.

"कशी थांबवू? किती आवडीने पितायत बघ."

चिगुसाने तक्ते लावले. तिचा आवाज आकड्यागणिक बारीक होत गेला. शेवटी इसोगाईंनी तिसरा ग्लास संपवून विचारलं, "म्हणजे तीस जणांपैकी एकानेही कप संपवला नाही?"

गप्प बसता आलं असतं. चिगुसा कपाळ टेबलाला टेकेल इतकी वाकली.

"तीसपैकी नाही, सर. पण चार जणांनी संपवलाय. आत्ता. तुमच्या ग्लासात तोच होता. चूक माझी आहे, कागद मी नीट चिकटवला नाही."

एका सदस्याने हातातला ग्लास, फुटेल की काय अशा बेताने, खाली ठेवला.

"आता आम्हाला काय होणार?" इसोगाईंनी विचारलं.

"काही नाही, सर. जास्तीत जास्त भूक लागेल."

"लागलीय," इसोगाई म्हणाले.

"मलाही," शेजारचा सदस्य म्हणाला. "मला वाटलं मलाच." सव्वाअकरा वाजले होते.

इसोगाईंनी चष्मा काढला. "बाई, स्पष्ट सांगतो. चव भयंकर होती. मी तीन ग्लास प्यालो ते त्सुबातांच्या घरचं नाव निघालं म्हणून. तुम्ही दीड वर्ष कपात काय घालायचं ते बघताय. कप पुढे कोण करतं, ते बघितलंत का?"

चिगुसाने ते बघितलं नव्हतं. इसोगाईंनी ते बघायला तिला एक वर्ष लिहून दिलं आणि जेवणाचे डबे लवकर मागवता येतील का, असं विचारलं. तिघांनी डबे खारवलेल्या आलुबुखारांसकट साफ केले.

ते गेल्यावर चिगुसा त्सुबातासरांसमोर उभी राहिली.

"सर, चाळीस वर्षं तुम्ही हा काढा शिकवताय. पहिल्या घोटाला कळलं नाही तुम्हाला?"

सर चष्मा पुसू लागले. "मला तो नेहमीसारखाच लागला."

तेवढ्यात आपला जग न्यायला फुमिएबाई आल्या. कुमेकोबाईंनी त्यांना सगळी हकीकत जिन्यातच सांगितली होती. त्या हसून हसून लाल झाल्या होत्या.

"अगं, लग्न झाल्यावर पहिल्यांदा केला ना, तेव्हा जव पार करपले माझे," त्या चिगुसाला म्हणाल्या. "हे म्हणाले, फार छान झालाय. तेव्हापासून मुद्दाम करपवते. बत्तीस वर्षं झाली. मला स्वतःला तर एक घोट जात नाही बाई. पण ह्यांना तसाच लागतो."

चिगुसाने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेरच्या डोंगरांकडे पाहत होते. मग त्यांनी रिकामा ग्लास बायकोपुढे सरकवला.

"उरलाय का थोडा?"

फुमिएबाईंनी फ्रीजमधल्या आपल्या जगमधला चहा काठोकाठ ओतला. चिगुसाने वही उघडली आणि तीस नावांखाली एकतिसावं नाव लिहिलं: त्सुबाता. कालावधी, बत्तीस वर्षं. कपात उरलेलं, काही नाही.