विमानवाले तायडेभाऊ

अकोल्याहून दर्यापूरला जाणाऱ्या जीपमध्ये तायडेभाऊ असले की जीप वीस मिनिटं उशिरा सुटायची. ड्रायव्हर तयार, सवाऱ्या बसलेल्या. पण भाऊ खाली उभे राहून मागची चाकं न्याहाळत. मग एखाद्या वजनदार शेठजींना पुढे, दोन हडकुळ्या मास्तरांना मागे, असं सगळ्यांना उठवून नव्यानं बसवत. कोणी कुरकुरलं की विचारत, "वजन कुठी हाय, ते पायलं का?"

आमच्या जिनिंग फॅक्टरीत मी कारकून आणि ते फिटर. त्याआधी ते हवाई दलात होते. महायुद्ध संपल्यावर परदेशी फौजा जाताना चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं मोडूनतोडून टाकून गेल्या. भाऊंच्या टोळीनं एकाचा पंख, दुसऱ्याचं शेपूट असं जुळवून ती पुन्हा उडवली. एकाच्या नाकातल्या बंदुकाच सापडेनात, तिथं पत्रा ठोकला. नाक हलकं पडलं, म्हणून आत वाळूची पोती ठेवली. "सायबाचं डिझाइन, आपली रेती," असं भाऊ मोठ्या कौतुकानं सांगत.

ही दुरुस्तीची खोड घरातही होती. छत्री वाऱ्यानं उलटते म्हणून त्यांनी तिला चार भोकं पाडली. छत्री खरंच पुन्हा उलटली नाही. भाऊ मात्र चिंब होऊन फॅक्टरीत येत. वहिनींनी विचारलं, माणूस भिजते त्याचं काय? भाऊ म्हणाले, "तो प्रॉब्लेम अलग हाय."

एका वर्षी कपाशीवर फवारणी करायला शिवणीच्या धावपट्टीवर एक विमान आलं. दोन मजली पंखांचं, लष्करातलं जुनं शिकाऊ विमान. पुढची सीट काढून तिथं औषधाची टाकी बसवलेली. भाऊंनी रजा टाकली आणि मलाही टाकायला लावली.

तिथं पोचताच त्यांनी टाकी ठोकून पाहिली आणि पायलटला सांगितलं, की टाकी अर्धी झाली की औषध आत डुचमळत असणार आणि वळताना विमान झोकांड्या खात असणार. आता हा आपल्याला हाकलणार, असं मला वाटलं. पण पायलट तिशीच्या आतला, भला माणूस. दोन दिवस तो याच झोकांड्यांनी घाबरला होता. भाऊंनी दुपारपर्यंत टाकीत भोकं पाडलेले आडवे पत्रे बसवले. विमान उडालं आणि कपाशीकडे दिसेनासं झालं.

मला कडकडून भूक लागली होती. मी भाकरीचं फडकं सोडलं आणि भाऊंना बसायला सांगितलं. ते उन्हात उभेच.

"पोट्टं वर हाय अजून," ते पायलटबद्दल म्हणाले.

त्याला तास लागेल, मी म्हटलं. पोटात घालून घ्या दोन घास.

ते आभाळाकडेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एकडाव एअरफोर्समंधी, विमान वर असतानी, मी जेवून घेतलं होतं."

मी हातातली भाकरी परत फडक्यात ठेवली.

तासाभरानं विमान उतरलं. आता पाण्यासारखं वळतं, असं पायलट हसत सांगू लागला. भाऊंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. त्यांनी त्याला हाताला धरून पंखाच्या सावलीत बसवलं, भाकरीवर ठेचा ठेवून पुढे केली, आणि त्यानं पहिला घास गिळल्यावरच स्वतःची भाकरी मोडली.