केरबाभाऊंच्या न्हाणीतला खेकडा

लोणावळ्यात कुणाकडे पाहुणा आला, की त्याला तुंगार्लीचं तळं दाखवायची पद्धत आहे. केरबाभाऊ पाहुण्याला न्हाणी दाखवत. तीही चहाच्या आधी. पाहुण्यानं वहाणा काढल्या न काढल्या तोच त्याला मागच्या दारी नेऊन न्हाणीत उभा करत, आणि तो टकामका बघायला लागला की म्हणत, "डोळ्यानं काय, कुनीबी बघंल. हात लावा, हात!" पाहुणा बिचारा भिंतीवरच्या खेकड्याला हात लावी. मग त्याला चहा मिळे.

केरबाभाऊ माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत. मूळचे कान्हे गावचे, पण सारी हयात स्टेशनाजवळच्या इंजिनशेडात फिटर म्हणून गेली. नोकरी संपल्यावर माणसं भजनाला लागतात, केरबाभाऊ न्हाणीला लागले. न्हाणी ती केवढी! वर पत्रा, एका कोपऱ्यात तांब्याचा बंब, मध्ये पाट आणि घंगाळ. आत दोन माणसं उभी राहिली, तर एकानं श्वास घेताना दुसऱ्यानं सोडावा.

या एवढ्याशा जागेत त्यांना समुद्र आणायचा होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोचं, सोनामावशींचं, माहेर घाटाखाली खाडीकाठचं होतं. पण बायकोच्या माहेराची आठवण साठीनंतर एकाएकी कुणाला होते? मी आपला म्हातारचळ समजून चाललो होतो.

समुद्र करायचा तो फुटक्या कपबशांचा. भाऊ सकाळी पिशवी घेऊन निघत आणि तुंगार्लीच्या बंगल्यांच्या मागच्या दारी जाऊन खानसाम्यांना विचारत, "काय फुटलं का?" लोक प्रकृती विचारतात तशा आवाजात. निळ्या नक्षीची बशी मिळाली की त्या दिवशी स्वारी खूश. मग पक्कड आणि कानस घेऊन ओसरीवर बसायचं आणि बशीचे तुकडे करायचे. आधीच फुटलेली बशी आणखी इतक्या काळजीनं फोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. प्रत्येक तुकड्याची कड घासून अंगठ्यानं तपासायची. "टोचता कामा न्हाई. न्हानी हाय, काट्याचं कुंपन न्हवं."

सल्ले द्यायला आळीत काय तोटा? एक जण म्हणाला, जलपरी करा. भाऊ म्हणाले, "म्हातारीम्होरं कुठली परी आनू? हाय ती बरी हाय." दुसऱ्यानं मत्स्यावतार सुचवला. "देवाला भितीवर बशिवला तर त्याच्याम्होरं उघडं कसं व्हायचं?" मी स्वतः देवमासा सुचवला होता. त्यावर म्हणाले, "मास्तर, त्यो आत आला तर मानूस भायेर. समदं बेतानं पायजे." बेतानं हा त्यांचा लाडका शब्द. पाच तऱ्हेचे प्राणी, एकही जास्त नाही. दारापासून आत जाणारी निळ्या माशांची रांग, बंबाच्या अलीकडे लाल खेकडा, मोरीच्या पायरीशी कासव, लुगडं टांगायच्या खुंटीखाली तारामासा आणि शिकेकाईच्या फळीखाली कोळंबी.

खरं सांगायचं तर काम देखणं होतं. एकच खोड. प्राणी भिंतीतून बोटभर वर आलेले आणि सगळे कमरेच्या उंचीला. वरची सगळी भिंत कोरी. मी म्हटलं, "भाऊ, समुद्राला ओहोटी लागली की काय? जरा वर सरकवा." तर म्हणाले, "तितं हात कुटं पोचतोय?" चित्र बघायला हात कशाला पोचायला हवा, हे मला कळलं नाही. आमचे भाऊच तसे, म्हणून सोडून दिलं.

आता त्या खेकड्याचं सांगतो. त्यात माझाही हात होता. मी शाळामास्तर. भाऊ माझ्याकडून शाळेतला प्राण्यांचा जुना तक्ता घेऊन गेले आणि त्याबरहुकूम त्यांनी खेकडा उठवला. तक्त्यातल्या खेकड्याचे दोन पाय झुरळांनी कधीच खाल्ले होते, हे ना मी पाहिलं होतं ना त्यांनी. चार दिवसांनी भाऊ सकाळीच माझ्या दारात उभे. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं घरी नातू झाला.

"मास्तर, खेकड्याला दोन पाय कमी हायेत!"

"कोण म्हणतं?"

"म्हातारी! न्हाऊन भायेर आली न् म्हनली, नांग्या धरून धा पायजेत, हितं आठच लागत्यात. कळलं तिला मास्तर, बराब्बर कळलं!"

आपली चूक बायकोनं काढली म्हणून नाचणारा नवरा मी पहिल्यांदाच बघत होतो. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन पाय बसवलेसुद्धा. मला मात्र मावशींच्या नजरेचं कौतुक वाटलं. या वयात काय तीक्ष्ण नजर, असं मी घरीही बोलून दाखवलं.

न्हाणीची कीर्ती आमच्या हेडमास्तरांपर्यंत गेली. एका रविवारी दुपारी मी त्यांना घेऊन आलो. भाऊ शेताचं काही काम होतं म्हणून कान्ह्याला गेले होते. मावशी ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बघा की मास्तर, घर तुमचंच हाय." आत गेलो, तर घंगाळाच्या आड कासव अर्धं झाकलेलं. हेडमास्तरांना कासव पुरतं दिसावं म्हणून मी पाट आणि घंगाळ उचलून दाराशी, माशांच्या रांगेखाली ठेवलं. हेडमास्तर खूश झाले, मी खूश झालो. त्यांना स्टेशनावर पोचवून घरी येऊन टेकतो, तो भिंतीपलीकडे घंगाळ दणाणलं.

धावत गेलो. न्हाणीचं दार सताड उघडं, आत लख्ख ऊन. पाय धुवायला गेलेल्या मावशी पाटाला अडखळून खाली बसल्या होत्या. गुडघा खरचटला होता. एक हात भिंतीवरच्या माशावर घट्ट. मी अगदी समोर उभा, आणि त्या माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाल्या, "कोन हाय?"

मी एक पाऊल पुढे झालो.

"मास्तर न्हवं का? पायाच्या आवाजावरनं वळखलं. बोला की."

मी त्यांना हात देऊन उठवलं. पाट कुणी हलवला तेही सांगितलं. रागावल्या नाहीत. ओसरीवर आल्यावर हळूच म्हणाल्या, "पाडव्यापास्नं काईच दिसंना झालंय. आधी धुरकट दिसायचं, आता त्येबी न्हाई. पन ह्यास्नी ठावं न्हाई हां मास्तर. सांगू नगा. कळलं तर हातचा घास टाकून माझा हात धरून हिंडतील. आन् न्हानीत कुनी हात धरून न्यावं, येवढी काय मी मोडले न्हाई." मग जरा हसल्या. "ह्यांचं येडच माझ्या कामाला आलं बघा. मासं धरून आत जायचं. खेकडा लागला की म्होरं बंब, भाजंल. कासव लागलं की पायरी. त्यास्नी वाटतंय शोभा. असूं द्या."

मला माझीच लाज वाटली. भिंतीच्या अलीकडे राहून, रोज चार वेळा बोलून, मला यातलं काही दिसलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं भाऊ परतले. मी पाट, घंगाळ जागच्या जागी ठेवलं होतं. पण घंगाळाला नवा पोचा होता, तो कुठे लपवणार? घटकाभरात भाऊ माझ्या ओसरीवर. "पाट कुनी हलिवलता?" मी म्हटलं, "मीच." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "पडली?"

मावशींनी सांगू नका म्हणून बजावलं होतं. गप्प राहिलो. गप्प राहणं हेही सांगणंच असतं, ते मला तेव्हा उमगलं.

भाऊ खांबाला टेकले. "एकदा बंबावर हात भाजून घेतला तिनं. मला म्हनली, निखारा उडाला. मी म्हनलं, व्हय. तवापास्नं ह्यो उद्योग." बराच वेळ ते अंगठ्यानं तळहात घासत बसले, बशीचा तुकडा तपासावा तसे. "तिला बोलू नगा मास्तर, मला ठावं हाय म्हनून. लय मानी बाई हाय. तिला वाटतंय झाकून ऱ्हायलंय. मला आळी खुळा म्हनती, म्हनू दे. मी खुळा हाय तवर तिच्याकडं कोन बघत न्हाई."

चहा घेता का, एवढंच मी विचारलं. ते म्हणाले, "नगं, तिला दिवा लावायला जायचंय. म्हंजे, मला दिसाया."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून पाण्याचा आवाज आला, तसा मी आमच्या मागच्या दारी गेलो आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडलो, "काय भाऊ, तुमची मासळी शिळी झाली की नाही अजून?"

"हात लावा, हात!" भाऊ ओसरीवरून तितक्याच मोठ्यानं ओरडले. "डोळ्यानं काय, कुनीबी बघंल!"

आतून मावशींचा आवाज आला, "चालू द्या मास्तर, खुळं हायेत ते!" आणि त्या हसल्या.

त्यानंतर त्या न्हाणीची चेष्टा करण्यात मी एक दिवस खंड पडू दिला नाही.