मोकाच्या नखांबाबत

वस्तू विकत घेणे हा अविचार असून वस्तू निवडणे हा विचार आहे. घेणारी माणसे बाजारात रोज दिसतात. निवडणारा मनुष्य क्वचित जन्माला येतो, आणि आलाच तर बहुधा सरकारी नोकरीत लागतो. तोंडवलीचे भिकाजी परुळेकर हे निवडणाऱ्यांपैकी होते. तालुक्याच्या एका कार्यालयातून ते अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात सर्व वक्त्यांनी एकमुखाने सांगितले की त्यांच्या कारकिर्दीत खरेदीत एकही गैरव्यवहार झाला नाही. (खरेदीही झाली नाही. आवक-जावक विभागासाठी पंखा निवडण्याचे काम त्यांच्याकडे होते. पाती तीन असावीत की चार, यावर अभिप्राय मागवले जात असतानाच इमारत धोकादायक ठरून पाडण्यात आली. पंखा घेतला असता तर वाया गेला असता, हे त्यानंतर सर्वांच्या लक्षात आले.)

निवृत्तीनंतर मात्र निवडण्यासारखे काही उरले नाही. बांगडा घ्यायचा की तारली, हे पत्नी सुगंधाबाई किनाऱ्यावरच ठरवून येत. अशा पडत्या काळात मुलगा विश्वेश आणि सून तन्वी यांना त्यांच्या कंपनीने परदेशी पाठवले, आणि त्यांचा लॅब्रेडॉर कुत्रा तोंडवलीला येऊन दाखल झाला. रंग कॉफीचा, म्हणून नाव मोका. पुण्यात हे नाव निर्धोक असेल. इथे सुगंधाबाईंनी अंगणातून "मोका, हंय ये" अशी हाक मारली की शेजारच्या यशोदाकाकू "माका?", म्हणजे मला का, म्हणत कुंपणापाशी येत. दोनदा त्यांना चहा पाजावा लागला. त्यानंतर त्या हाकेची वाट न बघता येऊ लागल्या.

भिकाजींचा कुत्र्याला तत्त्वतः विरोध होता आणि तो त्यांनी विश्वेशला फोनवर कळवलाही होता. मोकाला तो कोणी कळवला नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी भिकाजी ओटीवर पेपर वाचत बसले असता तो आला आणि त्यांच्या दोन्ही पावलांवर अंगाचा सगळा भार टाकून झोपी गेला. भिकाजींच्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाले. ते उठले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी पेपर जाहिरातींसकट वाचायला सुरुवात केली. निविदा सूचना संपल्या की ते हवामानाकडे वळत आणि जम्मूचे कमाल तापमान दोनदा वाचत.

आता नखांचा विषय. मोका सोसायटीत वाढलेला. इथेही तो घरातल्या गुळगुळीत लाद्यांवर फिरे आणि वळताना घसरे. तन्वीने व्हिडिओ कॉलवर एवढेच म्हटले, "बाबा, त्याची नखं फार वाढलीत. मला इथे टकटक ऐकू येतेय." परदेशातून आलेल्या तक्रारीची दखल घेणे भाग होते. भिकाजींनी तन्वीने सोबत दिलेली कात्री काढली, चष्मा लावला, मोकाचा पंजा हातात घेतला आणि पहिल्याच नखाला, जिथे कापायचे नसते तिथे, कापले. नखाच्या आत जिवंत शीर असते. ती काळ्या नखात दिसत नाही. कापल्यावर दिसते.

मोका चावला नाही. चावला असता तर बरे झाले असते. त्याने पंजा काढून घेतला, भिकाजींकडे एकदा पाहिले आणि तीन पायांवर स्वयंपाकघरात निघून गेला.

"रगात थांबला. हळद लावलंय," सुगंधाबाई आतून म्हणाल्या. "इसारतलो तो. उद्या बसतलो तुमच्या पायांवर."

उद्या तो बसला नाही. परवाही नाही. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडे आणि भिकाजींनी पाय हलवला की आत जाई. भिकाजी पेपर पहिल्या पानावरच संपवू लागले. कात्री ही एक कालबाह्य पद्धती आहे, एवढेच त्यांनी जाहीर केले.

"मग ग्राइंडर घेऊया ना," तन्वी म्हणाली. "बॅटरीवर फिरतो. कापत नाही, हळूहळू घासतो. मी इथून मागवून देते."

"थांब," भिकाजी म्हणाले. "अशी घाई करून चालायचं नाही." आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या आवाजात जुनी धार आली.

यंत्राला प्रथम नाव देण्यात आले : श्वाननखघर्षण यंत्र. मग निवड समिती नेमण्यात आली. अध्यक्ष भिकाजी. अशासकीय सदस्य सुगंधाबाई. तांत्रिक तज्ज्ञ म्हणून पलीकडचा सर्वेश, कारण तो होमस्टे चालवतो, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो आणि बोटीचे इंजिन बंद पडले तर ते स्वतः उघडतो. (ते पुन्हा चालू होते का, हा समितीच्या कक्षेतला प्रश्न नव्हता.) मोका हा लाभार्थी असल्यामुळे त्याला विचारण्याची पद्धत नाही.

पहिली बैठक ओटीवर झाली.

"काका, माझ्याकडे लाद्या कापूचो ग्राइंडर आसा," सर्वेश म्हणाला. "हळू फिरवया."

"सदर सूचना अभ्यासासाठी ठेवण्यात येत आहे." घरात भिकाजी मालवणी बोलत, पण बैठक सुरू झाली की ते शुद्ध मराठीत जात आणि मग चहाही त्याच भाषेत मागत.

सुगंधाबाई नारळ खवत होत्या. "आधी कुत्र्याक धरतलो कोण, ता ठरवा," त्या म्हणाल्या.

"तो विषय आजच्या पत्रिकेवर नाही."

पत्रिकेवर विषय पुरेसे होते. यंत्राच्या फेऱ्या मिनिटाला किती असाव्यात. घासणारा दगड हिऱ्याच्या पुडीचा असावा की वर सँडपेपरची नळी चढवावी. टोपीला लहान, मध्यम आणि मोठे अशी तीन छिद्रे असतात. लॅब्रेडॉरचे नख मध्यम छिद्रात मावते, पण उद्या वाढले तर काय. पुढे दिवा हवा का. हवा असल्यास पांढरा की पिवळा. आवाज हा सर्वांत नाजूक मुद्दा होता, कारण बाजारातले प्रत्येक यंत्र इतर सर्व यंत्रांपेक्षा कमी आवाज करणारे होते, आणि असे सर्वच जण सर्वांपेक्षा कमी कसे असतील, हा गणिताचा प्रश्न भिकाजींना दोन दिवस पुरला.

मग त्यांनी ग्राहकांचे अभिप्राय वाचायला घेतले. एखाद्याने जुने दस्तऐवज वाचावेत तसे त्यांनी ते वाचले. एका गृहस्थांचा पग जातीचा कुत्रा यंत्र चालू असताना झोपी जातो असे लिहिले होते. भिकाजींनी तो अभिप्राय बाद केला, कारण पग बहिरा नसल्याबद्दल काही पुरावा जोडलेला नव्हता. नागपूरचे सर्व अभिप्राय हवामान कोरडे असल्याच्या कारणावरून वेगळे ठेवले. समुद्राकाठच्या दमट हवेत नख नरम राहत असावे, असा त्यांचा कयास होता. एकाने लिहिले होते, "मस्त. बायकोला फार आवडले." तो अधिक खुलाशासाठी प्रलंबित ठेवण्यात आला. आणखी एकाने पाच तारे देऊन लिहिले होते, "डबा सुंदर. कुत्रा अजून घ्यायचा आहे." भिकाजींनी हा अभिप्राय निःपक्षपाती म्हणून राखून ठेवला.

या काळात पाऊस सुरू होऊन ओसरला, भात कापणीला आले, आणि मोकाची नखे, समितीचे कामकाज चालू असल्याची जाणीव न ठेवता, वाढत राहिली. शेवटी सर्वेश म्हणाला, "काका, आता नाय घेतलास तर कुत्रो झाडार चडात." ही तांत्रिक तज्ज्ञाची शिफारस समजून ठराव संमत झाला आणि यंत्र आले.

प्रथम त्याची चाचणी नारळाच्या करवंटीवर घेण्यात आली. करवंटी इतकी गुळगुळीत झाली की सर्वेशने ती होमस्टेच्या टेबलावर ठेवली. पर्यटक तिचे फोटो काढतात. त्यानंतर माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे जनावराला आवाजाची सवय लावण्याचा टप्पा आला. यंत्र लांबून चालू करावे, लगेच खाऊ द्यावा, आणि रोज थोडे जवळ यावे. खाऊ म्हणून भिकाजींनी सुकी सुंगटे निवडली. (सुकी कोलंबी. एकाच बैठकीत झालेला समितीचा हा एकमेव निर्णय.)

पहिल्या दिवशी भिकाजींनी ओटीवर यंत्र चालू केले आणि उंबऱ्याच्या दिशेने एक सुंगट फेकले. मोकाने कान उभे केले. सुंगट खाल्ले. दुसऱ्या दिवशी तो उंबरा ओलांडून आला. आठवड्याच्या आत, घर्र असा आवाज म्हणजे सुंगट, हा सिद्धांत त्याने पक्का केला आणि तो सर्वत्र लागू केला. सुगंधाबाईंनी मिक्सरवर वाटप लावले की तो ओट्यापाशी येऊन बसे, आणि दिल्याशिवाय हलेना. गावातल्या केशकर्तनालयात मशीन चालू झाले की गिऱ्हाइकाच्या शेजारी एक कॉफीच्या रंगाचा कुत्रा नम्रपणे बसलेला असे. सर्वेशने होमस्टेची नवी खोली बांधायला काढली, तेव्हा लाद्या कापणाऱ्या गवंड्याने डब्यातली तळलेली मांदेली मोकाला देऊन टाकली. दिल्याशिवाय काम होईना. एकदा तर किनाऱ्यावर बोटीचे इंजिन सुरू होताच मोका पाण्यात शिरला, बोटीत चढला आणि डॉल्फिनची फेरी करून परत आला. पर्यटक समाधानी होते. डॉल्फिन त्या दिवशी दिसले नव्हते.

"असोच चलला तर सुंगटां माका रवाची नायत," सुगंधाबाई म्हणाल्या. "नखां कधी घासतलात?"

"कार्यवाही अंतिम टप्प्यात आहे."

अंतिम टप्पा एका सकाळी आला. भिकाजींनी पेपर बाजूला ठेवला आणि यंत्र चालू केले. मोका आला. त्यांनी त्याचा पुढचा पंजा उचलला, पूर्वी रक्त आले होते तोच, आणि मध्यम छिद्र नखाजवळ नेले. मोकाने पंजा ओढला नाही. तो फक्त ताठ झाला आणि त्याने भिकाजींकडे पाहिले, त्या दिवशी पाहिले होते तसे. भिकाजींनी यंत्र नखापासून बोटभर अंतरावरच धरले. यंत्र नखाला लागले की नाही, हे ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही, ही त्याची आणखी एक सोय, जी कोणत्याही अभिप्रायात नमूद नव्हती.

त्यांनी पंजा खाली ठेवला. यंत्र चालूच ठेवले, पण हवेत. एक सुंगट दिले. मोकाने ते खाल्ले, आणखी एक मिळेल का याचा अंदाज घेतला, मग सुस्कारा टाकून त्यांच्या दोन्ही पावलांवर अंग सोडून दिले. भिकाजींनी डाव्या हाताने पेपर ओढून घेतला. यंत्राची बॅटरी संपेपर्यंत ते निविदा वाचत होते आणि पुढेही वाचत राहिले.

तेव्हापासून हा रोजचा परिपाठ झाला. यंत्र हवेत फिरे, सुंगट जाई, पाय बधिर होत. तन्वी कॉलवर घर्र असा आवाज ऐकून म्हणे, "वा बाबा, रोज करता?" आणि भिकाजी म्हणत, "रोज." यात असत्य काहीच नव्हते.

नवल एवढेच की नखे कमी झाली. लाद्यांवरची टकटक थांबली, घसरणे थांबले. भिकाजींनी चष्मा लावून लांबूनच पाहणी केली. नखे व्यवस्थित होती. यंत्र नखाला न लागता नख झिजते, याला शास्त्रात आधार नसावा. पण ज्याला शास्त्रात आधार नाही असे बरेच काही त्यांनी नोकरीत पूर्ण झाल्याचे पाहिले होते.

पुढे एकदा ते हयातीचा दाखला द्यायला मालवणला गेले. परतताना जनावरांच्या दवाखान्यावरून जात असता त्यांना दारात सुगंधाबाई दिसल्या. त्या बाकावर बसून मोकाचे डोके मांडीत घट्ट धरून त्याच्या कानात काही सांगत होत्या, आणि दवाखान्यातला माणूस साध्या कात्रीने, शेंगा सोलाव्यात तशी, त्याची नखे उडवत होता. मोका डोळे मिटून होता. सुगंधाबाई निघताना म्हणाल्या होत्या, "बाजारात जावन येतंय, कुत्र्याकय फिरवन हाडतंय." तेही असत्य नव्हते. बाजार पलीकडेच होता.

भिकाजी भाजीच्या टेंपोआड थांबले. मग मागच्या गल्लीने स्टँडवर गेले आणि त्यांच्या आधी घरी पोहोचले. कार्यालयाबाहेर घडलेल्या गोष्टीची दखल घेण्याचा प्रघात नाही.

संध्याकाळी त्यांनी मोकाच्या पंज्यांकडे पाहिले. "यंत्र बरा काम देता," ते म्हणाले. मालवणीत म्हणाले.

"होय तर," सुगंधाबाई म्हणाल्या. "आवाज बरो आसा तेचो."

यंत्राच्या कंपनीकडून अभिप्रायाची विनंती वारंवार येत होती. भिकाजींनी दोन दिवस मसुदा केला आणि पाच तारे देऊन तीन वाक्ये लिहिली : "आवाज समाधानकारक. कुत्रा स्वतःहून जवळ येतो. नखे वाढत नाहीत." तिन्ही वाक्ये खरी होती, आणि इतका संयमित अभिप्राय त्या पानावर दुसरा नसल्यामुळे तो सर्वांत वर गेला. हजारो लोकांनी 'उपयुक्त' असे बटण दाबले. बांद्याच्या एका बाईंनी विचारले, कोणत्या वेगावर चालवता? भिकाजींनी उत्तर दिले : मध्यम. दोडामार्गच्या एका गृहस्थांनी विचारले, मांजराला चालेल का? भिकाजींनी लिहिले : ऐकवून पाहावे. यशोदाकाकूंनीही एक यंत्र मागवले. त्यांच्याकडे जनावर नाही.

शेकडो प्रश्न आले, पण हे यंत्र नखाला लावता का, असे एकानेही विचारले नाही. तुम्हीही विचारले नसते. तुम्हाला ते कळले आहे, ते केवळ ही हकिगत वाचलीत म्हणून. आणि तरीसुद्धा, यंत्र नेमके कोणत्या कंपनीचे, हे शेवटी तरी दिले असेल म्हणून तुम्ही इथवर आलात. ते दिलेले नाही. तुमच्या घरी कुत्रा नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.