लोहार विरुद्ध नाचऱ्या

इनासकाका दुकानात आले की आधी चपला काढतात आणि माझ्या नव्याकोऱ्या टाइलवर टाच घासून बघतात. मग समोर गिऱ्हाईक असो नसो, मोठ्याने सांगतात, "घसरते हां ही!"

हातगाडीवरून फरश्या विकत मी फुलपाड्यातलं हे दुकान उभं केलं. माझ्या मालाला माझ्या तोंडावर नावं ठेवून धडपणे बाहेर गेलेला हा एकच माणूस. एकदा एक नवरा-बायको अख्ख्या घराची टाइल पसंत करून बसले होते. काकांनी टाच घासली आणि ते दोघं चहा अर्धा टाकून उठले. ते मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

तरी मी त्यांना हाकलत नाही, कारण लढती.

काका मूळचे उमेळे गावचे. आता आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे राहतात. तरुणपणी मुंबईला गोदीत कामाला होते आणि तिथे बॉक्सिंग खेळायचे, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यांचा छंद असा, की दोन वेगवेगळ्या काळांतले जगज्जेते घ्यायचे आणि त्यांची झुंज लावायची. खरी नावं घेत नाहीत. "मेलेल्याचं नाव घेऊन त्याला मार खायला लावू नये, शेठ." म्हणून त्यांच्या आजोबांच्या जमान्यातला जो दणकट जगज्जेता, तो 'लोहार'. आणि आज मोबाइलवर दिसतो तो चपळ गडी म्हणजे 'नाचऱ्या'. लोहार त्यांचा, नाचऱ्या माझा.

झुंजीआधी अटी ठरतात. तिथे मी मागे हटत नाही.

"लोहाराच्या काळी पंधरा फेऱ्या. पंधराच होणार."

"माझ्या माणसाला बाराची सवय आहे. बारा."

"चौदा. वर ग्लोव्हज जुने, पातळ."

"पातळ ग्लोव्हज हवेत तर बारा. सोडून द्या नाहीतर."

"तेरा घे रे बाबा. आणि लोहाराला आधी सहा महिने आजच्यासारखी अंडी-चिकन."

"तेरा. झालं!"

मग काका दोघांच्याही वतीने लढतात. लोहार झाले की खांदे पाडून पुढे सरकतात, नाचऱ्या झाले की चवड्यांवर उड्या मारतात. "कोपऱ्यात घेतला, कोपऱ्यात घेतला!" टाइल बघायला आलेली माणसं टाइल विसरतात. पण दोघांपैकी एक जरा डगमगला, की काका माझ्या काउंटरवरचं फडकं उचलून, हार मानताना रिंगमध्ये टॉवेल टाकतात तसं, खाली फेकतात. "टॉवेल! संपली!" आजवर कोणीही खाली पडलेला नाही. इतका घासून सौदा करायचा आणि माल कधी हातात पडायचाच नाही!

गेल्या महिन्यात माझी मुलगी सायली जेवताना म्हणाली, "पप्पा, मी कॉलेजात बॉक्सिंग शिकतेय. रविवारी पहिली मॅच आहे." मी ओरडलो, ताट सरकवलं, शेवटी तीन फेऱ्यांच्या दोन कर म्हणून घासाघीसही केली. ती हसली. भीती वाटते तेव्हा माझा आवाज चढतो, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, "तुम्ही चला बरोबर. तुम्हाला कळतं त्यातलं."

काकांनी काउंटरवरचं फडकं हातात घेतलं. "मी नाय येत."

"का?"

"नाय म्हटलं ना."

माझं डोकं फिरलं. "इथे रोज लुटुपुटीच्या लढाया! अहो, एकदा तरी कुणाला पाडा! कळू दे तरी कोण जिंकतं ते!"

काका हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. "पाडलाय एकदा," ते म्हणाले. "गोदीतलाच पोरगा. एका डब्यात जेवायचो आम्ही. खाली चटई नव्हती, शेठ. फरशी होती."

"मग? बरा झाला ना?"

"त्याला गावी नेला. विचारायला धीर नाय झाला." त्यांनी चपला घातल्या आणि गेले.

रविवारी हॉलच्या दारात काका उभे. चर्चमध्ये मिस्सेला घालतात तो इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पांढरा टॉवेल. "चटई बघून आलो," हळूच म्हणाले. "टाच घासली. जाड आहे. घसरत नाय." एवढं बोलून ते माझ्या शेजारी रिंगकडे पाठ करून बसले.

घंटा झाली. काकांनी न वळताच विचारलं,

"उभी आहे?"

"आहे."

दुसऱ्या फेरीत सायलीच्या नाकावर ठोसा बसला. काका टॉवेल पिळत होते. "शेठ, बोल ना! उभी आहे?"

"आहे, काका. आहे."

तिसऱ्या फेरीत सायलीचा डावा हात असा काही फिरला, की सगळा हॉल उठला. मीही उठलो. "लागला! काका, आपल्या सायलीचा लागला!"

त्यांनी माझं मनगट धरलं. "आणि दुसरी?"

"कोण दुसरी?"

"ती दुसरी पोरगी! उभी आहे का बघ!"

तोवर मी तिच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. ती दोराला रेलली होती. वेणी सुटलेली, वय सायलीएवढंच. पलीकडे खुर्च्यांमध्ये माझ्यासारखाच एक माणूस दोन्ही हात डोक्यावर धरून उभा होता.

"उभी आहे, काका."

"नीट बघून सांग."

मी नीट बघितलं. पोरीने दोर सोडला आणि हात वर घेतले. तेवढ्यात शेवटची घंटा झाली.

"दोघीही उभ्या आहेत," मी म्हटलं.

तेव्हा कुठे काकांनी मान वळवली.